उंदराच्या मेंदूला रफू

२ फेब्रुवारी, सोमवार

फक्त! आज पुन्हा तोच शब्द. "आजी, अप्रतिम झालंय, फक्त…" त्या एका फक्तने माझे अकरा दिवस पाण्यात घातले.

लिही गं, थांबू नकोस.

धाकटी विचारते, "ताई, शिव्या गाळू का?" गाळायच्या असत्या तर दिल्या कशाला असत्या? मी सांगायचं, तिने लिहायचं, मधे स्वतःची अक्कल घालायची नाही – असा करार आहे आमचा. मी अक्षरशत्रू. आकडे येतात, धंद्यात लागतात. पण अक्षर म्हणाल तर एक नाही. धाकटी म्हणजे माझी जाऊ. तीस वर्षं कचेरीत दाखले उतरवून काढायची. दोघींचे नवरे गेले, आता दोघी एका घरात, एका चहाच्या भांड्यावर. तिचं अक्षर असं, की एक टाका मोठा नाही, एक लहान नाही. मला वाचता येत नसलं तरी टाका कळतो.

ही वही माझ्या नातीने, ठकीने आणून दिली. "आजी, रोज काय केलंस त्याची नोंद ठेव, सरांना हवीये." सरांना काय सांगायचं ते तोंडी सांगेन. वही माझी.

ठकी मेंदूच्या संस्थेत कामाला आहे. तिथल्या मोठ्या डॉक्टरच्या – ठकीचे सर ते हेच, मी त्याला मेंदूवाला म्हणते – कोटाची बाही खिळ्यात अडकून फाटली. ठकीने माझ्याकडे आणली, मी रफू करून दिली. तर हा म्हणे भिंग घेऊन फाटलेली जागा शोधत बसला. सापडेना. तिथून त्याच्या डोक्यात किडा शिरला! नवी इमारत होतेय, दारासमोरच्या भिंतीवर मेंदूचं चित्र लावायचंय, ते छापायचं नाही, सुईदोऱ्याने करून घ्यायचं. कोणाकडून? या म्हातारीकडून.

आणि मेंदू कोणाचा? उंदराचा! चाळीस वर्षं उंदरांनी कुरतडलेले कोट रफू केले, आता म्हातारपणी उंदराचाच मेंदू शिवतेय.

धाकटी हसतेय. हसू नकोस, लिही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

काल रागात मुद्दाच राहिला. चुकलं काय, ते.

पलंगपोसाएवढं काळं कापड, लाकडी चौकटीवर ताणलेलं. त्यावर ठकीने खडूने रेघा काढून दिल्यात. बासष्ट पेशी. पेशी म्हणजे एक पोट, आणि त्यातून चहूकडे गेलेले फाटे, झाडाच्या मुळ्यांसारखे. मी पहिल्या सहा केल्या. मेंदूवाला आला, चष्मा कपाळावर चढवून नाक कापडाला लावलं, आणि – फक्त.

"आजी, हे फाटे एकमेकांना चिकटत नाहीत. मधे फट असते."

मी म्हटलं, फट होती, मी बुजवली.

खरंच बुजवली हो! खडूची रेघ जिथे थांबली होती तिथून पुढच्या रेघेपर्यंत दोरा नेऊन पोचवला, इतका साफ की सांधा दिसू नये. मला वाटलं ठकीचा खडू संपला असेल. सहा पेशींच्या मिळून चाळीस-पन्नास फटी बुजवल्या मी. कोणी न सांगता. हौसेने!

चाळीस वर्षं भोक दिसलं की हात आपोआप जातो. त्या हाताला आता सांगायचं, भोक दिसलं तर हात लावू नकोस.

धाकटीला म्हटलं, वाचून दाखव. तिने दाखवलं. शिव्यांसकट. "शब्दन् शब्द, ताई."

९ फेब्रुवारी, सोमवार

उसवतेय. दुसरं काही नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज मेंदूवाल्याला धरलंच. म्हटलं, फट ठेवायची तर ठेवते, पण का ते सांगा. फाटा फाट्याला शिवतच नाही, तर निरोप जातो कसा?

तो खुर्ची ओढून बसला. माणूस वाईट नाही, लोक बसतात तसा बसतो, घाईत नसल्यासारखा. म्हणाला, "एका टोकाला थेंबाएवढं औषध सुटतं, ते फट ओलांडतं, पलीकडचं टोक जागं होतं."

म्हटलं, म्हणजे या खिडकीतून त्या खिडकीत शेजारणी बोलतात तसं.

"तसंच. भिंत पाडून एक खोली केली, तर कोण कोणाशी बोललं ते कळणारच नाही."

हे मात्र पटलं. आमच्या धाकटीचं आणि माझं भांडण चुलीपाशी होतं ते याच कारणाने, मधे भिंत नाही.

धाकटी म्हणते, "ताई, तुमच्याशी भांडायला भिंत असती तरी मी ती पाडून आले असते." हे मी सांगितलं नव्हतं. तिने आपल्या मनाने लिहिलं आणि मग मला वाचून दाखवलं. करार मोडला! पण राहू दे.

२५ फेब्रुवारी, बुधवार

बारा पेशी झाल्या. फटींसकट. प्रत्येक फटीपाशी हात थांबवायला लागतो, जसा उतारावर ब्रेक दाबतात. संध्याकाळी मनगट दुखतं, ते शिवल्याने नाही, न शिवल्याने.

रंगाचं असं आहे. खरं रंगीत चित्र ठकीच्या संस्थेत, यंत्राच्या पडद्यावर. घरी आहेत नुसत्या रेघा आणि प्रत्येक पेशीत आकडा. ठकीने यादी करून दिलीये – आकड्यासमोर दोऱ्याचा रंग, अक्षरात. मी आकडा सांगते, धाकटी यादीत बघून रंग सांगते. "तेरा, विटकरी." "चौदा, फिका निळा." एक शिवते, एक वाचते. दोघी मिळून एक शहाणं माणूस होतं.

३ मार्च, मंगळवार

उद्घाटन दोन मेला. ठकी सांगून गेली. आणि हेही सांगून गेली की संस्थेतल्या बाकीच्यांना हे शिवणकाम पसंत नाही. "फोटो मोठा करून छापा, आठ दिवसांत होईल, म्हातारीच्या मागे कुठे लागता!" असं कोणीतरी बैठकीत बोललं. तिथे ठकी उभी राहून म्हणाली, "माझी आजी वेळेत देईल. माझी हमी."

हमी! मला न विचारता! नोकरीला दोन वर्षं झाली नाहीत, आणि माझ्या बोटांची हमी देऊन बसली. आता कापड वेळेत गेलं नाही, तर नाक कापलं जाणार ते तिचं.

१० मार्च, मंगळवार

धाकटीच्या नखऱ्यांना आज अंत नव्हता. "ताई, यादीचा कागद चुरगळलाय." "ताई, उजेड कमी आहे." "ताई, ठकीचं अक्षर मेलं डॉक्टरी झालंय." नाचता येईना अंगण वाकडं! तीस वर्षं साहेबलोकांचं गिचमिड वाचलंस, आणि नातीचं अक्षर वाचवत नाही?

चष्मेवाल्याकडे नेली. त्याने उजेडाची बत्ती मारून पाहिलं, पाटी वाचायला लावली. तिथे अडखळली, तर तो म्हणाला घाबरल्यात, होतं असं. "डोळे ठणठणीत आहेत. माझ्यापेक्षा चांगले." तरी हट्टाने नवा चष्मा करायला टाकला.

सत्तावीस झाल्या.

१४ मार्च, शनिवार

सकाळी पेपर आला, तसाच दाराशी पडलाय. धाकटी रोज मोठ्याने वाचून दाखवायची, मी शिवता शिवता ऐकायची आणि दोघी मिळून जगाला नावं ठेवायच्या. आज म्हटलं, वाच की. म्हणाली, "रोज तेच असतं ताई."

ते खरंच आहे म्हणा.

वही वाचून दाखव म्हटलं, तर म्हणे डोळे शिणलेत. नवा चष्मा नाकावर, आणि डोळे शिणलेत! बरं बाई. लिहिलंस ना नीट? "शब्दन् शब्द."

२१ मार्च, शनिवार

आज तीन वेळा दोरा तुटला, दोन वेळा बोटात सुई गेली, आणि मेंदूवाल्याचा माणूस चौकशीला येऊन गेला. "कुठवर आलं?" कुठवर आलं म्हणजे? बस आहे का ही!

एक गंमत लिहून ठेव. ही पेशी शिवताना मधेच वाटलं, मी हे शिवतेय तेव्हा माझ्याही डोक्यात हेच चाललंय. फट, थेंब, पलीकडचं टोक जागं. मेंदूच मेंदू शिवतोय. मग डोकं गरगरायला लागलं, म्हणून चहा केला.

२९ मार्च, रविवार

छत्तीस. मान धरलीये.

२ एप्रिल, गुरुवार

धाकटी हल्ली भराभर लिहिते. आधी कशी, "हळू सांगा ताई, हात आहे, मशीन नाही," असा जीव खायची. आता मी बोलेन तितकं तिचं पेन चालतं. एकदाही अडवत नाही. शिवी दिली तरी गाळू का म्हणून विचारत नाही. सरावली, दुसरं काय! आज मुद्दाम म्हटलं, लिही – माझी जाऊ आळशी, चहाडखोर आणि घोरते. मान खाली घालून लिहून मोकळी झाली.

मजाच गेली सगळी.

६ एप्रिल, सोमवार

एक्केचाळीस नंबरला सकाळी जांभळा म्हणाली. दुपारी दोऱ्याची गुंडी संपली म्हणून पुन्हा विचारलं, तर केशरी! म्हटलं चेष्टा पुरे, दिवस थोडे राहिलेत. तिने कागद डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, आणि म्हणाली, "जांभळाच ताई. तुम्ही जाग्या आहात का बघत होते."

एक दिवस हिला चौकटीवर ताणून शिवणार आहे मी.

११ एप्रिल, शनिवार

मन लावून काम झालं आज. फटी ठेवणं हाताला जमायला लागलंय. लांबून पाहिलं तर अंधारात दिवे लागल्यासारखं दिसतं कापड. धाकटीला उठवून दाखवलं. बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "ताई, यातलं एकही दुसऱ्याला चिकटलेलं नाही, आणि तरी सगळं एक दिसतं."

कधीकधी बोलते बरी.

१८ एप्रिल, शनिवार

लिही. जोराने लिही. कागद फाटला तरी चालेल, मी रफू करीन!

मेंदूवाला आणि ठकी आले. एक्कावन्न पेशी झालेल्या. वाटलं आता तरी तोंडातून चांगलं निघेल. त्याने यंत्रावरचं रंगीत चित्र सोबत आणलं होतं, ते कापडाशेजारी धरलं. एकदा इकडे, एकदा तिकडे. चष्मा कपाळावरून नाकावर आणला. फक्तसुद्धा म्हणाला नाही.

"आजी, हे रंग कुठून आणलेत?"

म्हटलं, तुमच्याच यादीतून.

"अठ्ठाविसाव्या पेशीपासून एकही रंग जुळत नाही."

हे रंग त्यांनी शोभेला दिलेले नाहीत म्हणे. कोणती पेशी कोणत्या कामाची, ते रंगावरून कळतं. येणारे-जाणारे लोक सगळे मेंदूचेच जाणकार. असं कापड भिंतीवर लावलं, तर मेंदूवाल्याचं हसं होईल.

मी ऐकून घेतलं नाही. चोवीस पेशी! अडतीस दिवस! कागदावर होतं तेच केलं, कागद चुकलाय तुमचा! ठकीचा चेहरा पांढरा पडला. "आजी, मी यादी तीनदा तपासली होती गं." मी म्हटलं, तपासली असशील, मन दुसरीकडे असेल! हमी द्यायला तेवढी पुढे!

धाकटी कोपऱ्यात बसलेली. म्हटलं, तू सांग गं यांना! तू वाचलंस, मी शिवलं. तिने पदर सारखा केला. मग म्हणाली, "ताई म्हणतात तसंच आहे."

ठकी रडली. जाताना चपला उलट्या घालून गेली.

१९ एप्रिल, रविवार

कापडावर चादर टाकली. बघवत नाही.

२२ एप्रिल, बुधवार

निरोप आला – फोटो छापायला टाकताहेत. शनिवारपर्यंत चूक कोणाची ते कळलं आणि काही मार्ग निघाला, तर थांबवू म्हणाले. ठकीला तिच्या वरच्या बाईने बोलावून विचारलं म्हणे, "हमी कशावर दिली होतीस?" हे ठकीने सांगितलं नाही, तिच्या मैत्रिणीने सांगितलं. ठकी चार दिवस फोन उचलत नाही.

मी तिला असं बोलायला नको होतं. पण चूक तिची आहे! माझी असती तर मी कबूल केली असती. फटी बुजवल्या तेव्हा केली की नाही? गपचूप उसवलं की नाही?

धाकटीला विचारलं, चूक कोणाची गं? ती म्हणाली, "जाऊ द्या ना ताई." चहा करायला उठली तर डोळे पुसत होती. हिला काय झालं रडायला? उसवायचं मला, बोलणी ठकीला, आणि रडायला ही!

२३ एप्रिल, गुरुवार

ठकी उद्या येतेय. एकेक ओळ मिळवून बघणार आहे. बघूच दे. चोर सापडेल.

२६ एप्रिल, रविवार

हे ठकी लिहितेय, सांगतेय मीच. धाकटी आंघोळीला गेलीये.

शुक्रवारी ठकीने यादी तपासली. यादी बरोबर होती. मग म्हणाली, वहीत लिहिलं असेल कोणत्या दिवशी कोणता रंग घेतला ते, आणि वही उघडली. वाचता वाचता पानं उलटायला लागली. भराभर. मग वही माझ्याकडे वळवली.

"आजी, मार्चच्या मध्यापर्यंत अक्षर आहे. मग शब्द गळायला लागलेत. एप्रिलमध्ये एकही अक्षर नाही. नुसत्या लाटा काढल्यात. ओळीत. समास सोडून."

मी वही हातात घेतली. मला सगळी पानं सारखीच सुबक दिसली. अजून दिसतात. भिंगाशिवाय कोटातलं सुईएवढं भोक शोधणारी मी! आणि ही हातभर अंतरावर बसली होती, रोज.

ती पानं तीन दिवस, अशाच आंघोळीच्या वेळा साधून, मी ठकीला नव्या वहीत पुन्हा सांगितली. जशी सांगितली होती तशी. धाकटीला बोलले तेही. ठकी म्हणाली, "गाळू का?" नाही गाळायचं.

मेंदूवाल्याला ठकीने सगळं सांगितलं. "उद्घाटनाला फोटो लावू. कापड होईल तेव्हा होईल. फक्त, त्या आजींना आधी तपासायला घेऊन या." या माणसाचं फक्त मला पहिल्यांदा पटलं. उद्या नेतेय.

काल, अठ्ठाविसावी पेशी उसवून झाल्यावर, धाकटी तीच यादी घेऊन बसली. "अठ्ठावीस, निळा." मी बरं म्हटलं. तिच्या पाठीमागे ठकी तपकिरी गुंडी धरून उभी होती. मी तपकिरी ओवला. धाकटी दोऱ्याकडे बघत राहिली, मग पुढचा आकडा म्हणाली.

संध्याकाळी जुनी वही घेऊन आली. मी सांगितलं, तिने लिहिलं. पान भरलं.

"लिहिलंस सगळं?"

"शब्दन् शब्द, ताई."